बाळाचा रक्तगट वेगळा, म्हणून संशय कशाला?

वडिलांचा रक्तगट ‘ए’, आईचा ‘बी’ आणि मुलाचा ‘ओ’! असा अहवाल हाती पडला की भल्याभल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण निसर्गाचा हिशेब समजून घेतला, तर यात आश्चर्य करण्यासारखे काहीच नाही आणि संशय घेण्यासारखे तर मुळीच नाही.

शाळा सुरू झाली की मुलांच्या हातात ओळखपत्राचा छापील फॉर्म येतो. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि त्याखाली रक्तगट. मग आई मुलाला जवळच्या लॅबोरेटरीत नेते, बोटातून थेंबभर रक्त घेतले जाते आणि संध्याकाळी चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवर ‘ओ पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असते. वडील म्हणतात, “माझा तर ‘ए’ आहे.” आई म्हणते, “माझा ‘बी’.” आणि आजी विचारतात, “मग याचा ‘ओ’ आला कुठून?”

प्रश्न साधा असतो, पण विचारणाऱ्याचा स्वर दर वेळी साधा नसतो. काही घरांत तेवढ्या एका अक्षरावरून सुनेकडे पाहण्याची नजर बदलते. कुणी उघड बोलत नाही, पण कुजबुज सुरू होते. नवरा चार दिवस गप्प राहतो. प्रसूतिगृहात बाळाची अदलाबदल झाली की काय, असा तर्कही कुणीतरी लढवते. वास्तविक आजींच्या प्रश्नाचे उत्तर अगदी सरळ आहे. तो ‘ओ’ त्याच आईकडून आणि त्याच वडिलांकडून आलेला असतो.

रक्तगट म्हणजे नेमके काय?

रक्ताचा रंग सर्वांचा लाल असला, तरी सर्वांचे रक्त सारखे नसते, हे १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या डॉ. कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवून दिले. स्वतःचे आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे रक्त घेऊन त्यांनी एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून पाहिल्या. काही वेळा पेशी छान मिसळल्या, तर काही वेळा त्यांच्या गुठळ्या झाल्या. यावरून त्यांनी रक्ताचे तीन प्रकार पाडले. चौथा ‘एबी’ हा गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. या शोधासाठी लँडस्टायनर यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या अतिसूक्ष्म साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाला एका प्रकारची शर्करा जोडलेली असेल तर गट ‘ए’, दुसऱ्या प्रकारची असेल तर ‘बी’, दोन्ही प्रकारच्या साखळ्या असतील तर ‘एबी’ आणि यांपैकी काहीच जोडलेले नसेल तर ‘ओ’. म्हणजे ‘ओ’ हा एखादा वेगळा पदार्थ नव्हे. ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही नसणे म्हणजे ‘ओ’. पुढचे सगळे कोडे या एका वाक्यात सुटते, म्हणून ते लक्षात ठेवावे.

प्रत्येकाजवळ दोन चिठ्ठ्या

ही शर्करा जोडायची की नाही, आणि जोडायची तर कोणती, याचा हुकूम जनुकाकडून येतो. हे जनुक आपल्या नवव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. प्रत्येक गुणसूत्राची जोडी असते, त्यामुळे हे जनुकही प्रत्येकाजवळ दोन असतात. एक आईकडून आलेले आणि दुसरे वडिलांकडून. समजण्यासाठी असे मानू या की प्रत्येकाच्या खिशात दोन चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठीवर ‘ए’, ‘बी’ किंवा ‘ओ’ यांपैकी एक अक्षर असते.

ज्याच्या दोन्ही चिठ्ठ्या ‘ए’ आहेत, त्याचा गट ‘ए’. पण ज्याच्याजवळ एक ‘ए’ आणि एक ‘ओ’ आहे, त्याचाही गट ‘ए’च! कारण एका चिठ्ठीने शर्करा जोडायला सांगितले की ती जोडली जाते. ‘ओ’ची चिठ्ठी गप्प बसते. ‘बी’चेही तसेच. ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन चिठ्ठ्या एकत्र आल्या, तर दोघीही आपापले काम करतात आणि गट ‘एबी’ होतो. ‘ओ’ गट मात्र दोन्ही चिठ्ठ्या ‘ओ’ असतील तेव्हाच दिसतो.

मूल जन्माला येते तेव्हा आई आपल्या दोन चिठ्ठ्यांतली एक देते आणि वडील आपल्या दोनांतली एक. कोणती द्यायची हे कुणाच्याही हातात नसते. नाणे उडवल्यासारखाच तो प्रकार.

आता सुरुवातीच्या त्या घराकडे पाहा. वडिलांचा गट ‘ए’, पण त्यांच्या खिशात ‘ए’ आणि ‘ओ’ अशा चिठ्ठ्या आहेत. आईचा गट ‘बी’, पण तिच्याजवळ ‘बी’ आणि ‘ओ’ आहेत. वडिलांनी ‘ओ’ दिला आणि आईनेही ‘ओ’ दिला, तर मुलाचा गट ‘ओ’. अशा जोडप्याला ‘ए’, ‘बी’, ‘एबी’ आणि ‘ओ’ यांपैकी कोणत्याही गटाचे मूल होऊ शकते आणि चारही शक्यता सारख्याच, म्हणजे चारात एक. चार भावंडे चार गटांची निघाली, तरी ती एकाच आईवडिलांची असू शकतात!

इथे एक खबरदारी हवी. चारात एक याचा अर्थ चार मुलांत एक ‘ओ’ होणारच असा नाही. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणे नव्याने उडते. पहिले मूल ‘ओ’ झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता कमीही होत नाही आणि वाढतही नाही.

आजोबांचा गट नातवात

खिशातली लपलेली चिठ्ठी ओळखायची कशी? नेहमीच्या तपासणीत ती दिसत नाही. पण कित्येकदा आजी-आजोबांच्या रक्तगटावरून तिचा पत्ता लागतो. समजा, वडिलांचा गट ‘ए’ आहे आणि आजोबांचा ‘ओ’. आजोबांजवळ देण्यासाठी ‘ओ’शिवाय दुसरी चिठ्ठीच नव्हती. तेव्हा वडिलांच्या खिशात एक ‘ओ’ आहे हे नक्की. तो ‘ओ’ वडिलांच्या आयुष्यात कधी दिसला नाही, पण नातवात वर आला. म्हणजे ज्या आजी ‘ओ’ कुठून आला म्हणून विचारत होत्या, कदाचित त्यांच्याकडूनच तो निघालेला असायचा!

आनुवंशिकतेचा हा हिशेब आजकालचा नाही. रक्तगट मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत जातात हे डॉ. फॉन डुंगर्न आणि डॉ. हिर्शफेल्ड यांनी १९१० मध्ये जर्मनीत अनेक कुटुंबे तपासून दाखवले. त्यामागे तीन प्रकारच्या जनुकांचा खेळ आहे, हे गणितज्ञ फेलिक्स बर्नस्टाइन यांनी १९२४ मध्ये आकडेमोडीने सिद्ध केले.

चौकट : आई-वडिलांचे गट आणि मुलांचे संभाव्य गट

(कोणता गट आईचा आणि कोणता वडिलांचा, याने फरक पडत नाही.)

ओ आणि ओ : फक्त ओ
ओ आणि ए : ओ किंवा ए
ओ आणि बी : ओ किंवा बी
ओ आणि एबी : ए किंवा बी
ए आणि ए : ए किंवा ओ
बी आणि बी : बी किंवा ओ
ए आणि बी : ए, बी, एबी किंवा ओ
ए आणि एबी : ए, बी किंवा एबी
बी आणि एबी : ए, बी किंवा एबी
एबी आणि एबी : ए, बी किंवा एबी

चौकटीतली चौथी ओळ मुद्दाम पाहण्यासारखी आहे. आईवडिलांपैकी एकाचा गट ‘ओ’ आणि दुसऱ्याचा ‘एबी’ असेल, तर त्यांच्या मुलाचा गट नियमाप्रमाणे दोघांपेक्षा वेगळाच येतो. अशा घरात आईसारखे किंवा वडिलांसारखे रक्त शोधत बसणेच चूक.

चॅप्लिनचा खटला

रक्तगटावरून पितृत्व सिद्ध होते का? याचे उत्तर नीट समजून घ्यावे. रक्तगट काही वेळा “हा पिता नसावा” असे सुचवू शकतो. “हाच पिता आहे” असे तो कधीच सांगू शकत नाही, कारण एकेका गटाची माणसे कोट्यवधी आहेत.

सुप्रसिद्ध विनोदी नट चार्ली चॅप्लिन यांच्यावर अमेरिकेत पितृत्वाचा दावा झाला होता. आईचा गट ‘ए’, बाळाचा ‘बी’ आणि चॅप्लिन यांचा ‘ओ’. बाळाला ‘बी’ची चिठ्ठी आईकडून मिळणे शक्य नव्हते, ती पित्याकडूनच यायला हवी होती. चॅप्लिन यांच्याजवळ तर दोन्ही ‘ओ’. ते पिता नाहीत, असा निर्वाळा डॉक्टरांनी दिला. तरीही १९४५ मध्ये ज्युरीने चॅप्लिन हेच पिता असल्याचा कौल दिला, कारण त्या काळी कॅलिफोर्नियाचे न्यायालय रक्ताच्या तपासणीला निर्णायक मानत नव्हते. विज्ञान एक सांगत होते आणि माणसे दुसरेच मानून चालली होती. आपल्याकडे याच्या उलट प्रकार घडतो. विज्ञान जे म्हणतच नाही, ते त्याच्या तोंडी घालून एखाद्या स्त्रीला दोषी ठरवले जाते.

मुंबईने जगाला दिलेला अपवाद

चौकटीत न बसणारा गट आला, तर मग संशय खरा समजायचा का? तरीही नाही. कारण नियमालाही अपवाद आहेत आणि त्यांतला सर्वांत गाजलेला अपवाद सापडला तो मुंबईत.

१९५२ मध्ये मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या प्रकारच्या रक्ताची माहिती प्रसिद्ध केली. नेहमीच्या तपासणीत ते ‘ओ’ गटासारखे दिसत होते, पण ‘ओ’ गटाच्या रक्ताशीही ते जुळत नव्हते! या रक्ताला पुढे ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हेच नाव पडले आणि जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत मुंबईचे नाव कायमचे कोरले गेले.

याचे रहस्य असे. ‘ए’ किंवा ‘बी’ची शर्करा जोडण्यासाठी आधी पाया लागतो. त्या पायाला ‘एच’ म्हणतात. भिंतच नसेल तर खुंटी ठोकणार कुठे? ‘बॉम्बे’ गटाच्या माणसात हा पायाच तयार होत नाही, कारण त्याचे जनुक वेगळ्या, एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते आणि त्याच्या दोन्ही प्रती निकामी असतात. अशा माणसाच्या खिशात ‘ए’ किंवा ‘बी’ची चिठ्ठी असली, तरी तिचा हुकूम अमलात येत नाही. तपासणीत गट ‘ओ’ दिसतो. चिठ्ठी मात्र शाबूत असते आणि पुढच्या पिढीला मिळू शकते.

१९५५ मध्ये अमेरिकेतील डॉ. फिलिप लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटालियन वंशाच्या एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. तिचा गट ‘ओ’ दिसत होता आणि मुलीचा ‘एबी’. नियमाप्रमाणे हे अशक्य. पण आईने स्वतः जन्म दिलेल्या मुलीविषयी कोण शंका घेणार? म्हणून संशोधकांनी रक्ताची कसून तपासणी केली आणि आईच्या रक्तात दडलेला ‘बी’ त्यांना सापडला. हाच प्रकार वडिलांच्या बाबतीत घडला असता तर? रक्त कुणी तपासले नसते, बोट थेट पत्नीकडे गेले असते.

भारतात सुमारे दहा हजारांत एका व्यक्तीचे रक्त ‘बॉम्बे’ गटाचे असते. युरोपात हे प्रमाण दहा लाखांत एकाच्या आसपास मानले जाते. दोष आईवडील दोघांकडून यावा लागत असल्याने जवळच्या नात्यातल्या विवाहांत त्याची शक्यता वाढते. या गटाच्या व्यक्तीला फक्त ‘बॉम्बे’ गटाचेच रक्त चालते. ‘ओ’ समजून नेहमीचे ‘ओ’ रक्त दिले तर जिवावर बेतू शकते. त्यामुळे घरात असा गट निघालाच, तर भांडण्यापेक्षा भावंडांची तपासणी करून घेणे कितीतरी शहाणपणाचे. आणीबाणीच्या वेळी रक्त देणारा घरातच सापडू शकतो.

‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहिलेले असण्याचा एक प्रकारही आहे. तो फार दुर्मिळ, पण त्यामुळे ‘एबी’ गटाच्या पालकाला ‘ओ’ गटाचे मूल होऊ शकते.

आधी तपासणी तपासा

हे दुर्मिळ अपवाद बाजूला ठेवले, तरी एक कारण अगदी रोजचे आहे. ते म्हणजे चूक! कित्येक पुरुषांना आपला रक्तगट आठवणीवरून सांगायची सवय असते. कॉलेजातल्या शिबिरात वीस वर्षांपूर्वी सांगितलेला गट ते छातीठोकपणे सांगतात. गर्दीच्या शिबिरात काचपट्टीवर घाईने केलेल्या तपासणीत चूक होऊ शकते, चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊ शकते. काही जणांत ‘ए’चा अंश इतका क्षीण असतो की गट ‘ओ’ वाटतो.

नवजात बाळाच्या बाबतीत तर अधिकच जपून बोलावे. त्याच्या पेशींवरच्या खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात आणि प्रौढांत रक्तद्रवावरून केली जाणारी उलट तपासणी पहिल्या काही महिन्यांत भरवशाची नसते. जन्मानंतर लगेच कळलेला गट मूल मोठे झाल्यावर पुन्हा पडताळून पाहावा, असे म्हणतात ते याचसाठी.

तेव्हा चौकटीत न बसणारा गट आला, तर पहिले काम म्हणजे आई, वडील आणि मूल अशा तिघांचेही रक्त चांगल्या रक्तपेढीत नव्याने तपासून घेणे. पेशींची आणि रक्तद्रवाची, अशी दोन्ही बाजूंनी तपासणी करायला सांगावे. गट ‘ओ’ असूनही हिशेब जुळत नसेल, तर ‘एच’चीही तपासणी मागावी. रक्तगटांच्या अवघड कोड्यांसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थाच आहे.

काही गैरसमज

मुलगा वडिलांच्या रक्तगटावर आणि मुलगी आईच्या रक्तगटावर जाते, असे काहीजण सांगतात. यात तथ्य नाही. मूल मुलगा असो की मुलगी, चिठ्ठी दोघांकडून एकेकच येते.

नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मुले अधू निपजतात, अशीही भीती घातली जाते. ठरत आलेली लग्ने त्यापायी मोडतात. रक्तगट एक असण्याचा आणि व्यंगाचा काहीही संबंध नाही. आपल्या देशात ‘ओ’ आणि ‘बी’ गटांची माणसे इतकी आहेत की एकाच गटाची जोडपी गल्लोगल्ली सापडतील. पत्रिकेबरोबर काही पाहायचेच असेल, तर थॅलेसीमियाची तपासणी पाहावी.

सख्ख्या भावाचे रक्त बहिणीला चालणारच, हाही एक समज. भावंडांचे गट वेगळे असू शकतात, हे वर आलेच आहे.

खरी काळजी इथे घ्या

‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ हा आरएच घटकाचा हिशेब वेगळा चालतो. इथे ‘पॉझिटिव्ह’ची चिठ्ठी वरचढ आणि ‘निगेटिव्ह’ची गप्प. म्हणून आईवडील दोघे पॉझिटिव्ह असूनही मूल निगेटिव्ह होऊ शकते. त्यातही संशयाला जागा नाही. भारतात सुमारे पाच टक्के लोक निगेटिव्ह आहेत.

मात्र आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील, तर लक्ष द्यायलाच हवे. बाळ वडिलांवर गेले, म्हणजे पॉझिटिव्ह झाले, तर प्रसूतीच्या वेळी त्याच्या थोड्या रक्तपेशी आईच्या रक्तात मिसळतात आणि तिचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. पहिले बाळ बहुधा सुखरूप असते. पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशींवर मात्र ही प्रतिद्रव्ये हल्ला करतात. बाळाला तीव्र कावीळ होते, रक्त कमी पडते, कधी ते पोटातच दगावते. अमेरिकेत १९३९ मध्ये लेव्हिन आणि स्टेट्सन यांनी अशाच एका मातेचे निदान प्रसिद्ध केले आणि कोडे उलगडू लागले. त्याआधी कितीतरी पिढ्यांत अशा बायकांना ‘हिची मुले जगत नाहीत’ म्हणून अपशकुनी ठरवले गेले असेल!

१९६८ पासून यावर ‘अँटी-डी’ हे इंजेक्शन उपलब्ध आहे. गर्भारपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते द्यायचे असते. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना त्याविषयी जरूर विचारावे. लग्नानंतर, निदान दिवस राहताच, पती-पत्नी दोघांचेही रक्तगट तपासून घ्यायचे ते यासाठी.

कायदा काय म्हणतो?

कायद्याने या बाबतीत मुलाची बाजू घेतली आहे. वैध विवाह कायम असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच मानले जाते. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११२ व्या कलमात ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ११६ व्या कलमात आहे. गर्भधारणेच्या काळात पती-पत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे सिद्ध झाले तरच हे गृहीतक मोडते. रक्ततपासणीचा आदेश उठसूट देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये स्पष्ट केले. घटस्फोटाच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी सर्रास मागता येणार नाही, असे २०२३ मध्ये पुन्हा बजावले. मोठ्यांच्या भांडणात मुलाच्या जन्मावर डाग लागू नये, हा त्यामागचा हेतू.

जे भान न्यायालय बाळगते, ते घराने का बाळगू नये? रक्तगटाचे ते अक्षर अडल्या वेळी कोणते रक्त द्यायचे, हे डॉक्टरांना कळावे म्हणून असते. चारित्र्याचा दाखला देण्याचे काम त्याच्याकडे कुणीच सोपवलेले नाही. मुलाच्या ओळखपत्रावर ते अक्षर नीट तपासून, अचूक लिहावे. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचे रक्तगट एका कागदावर लिहून तो घरात चटकन सापडेल अशा जागी ठेवावा. वेळ येईल तेव्हा हा कागद एखाद्याचा जीव वाचवील.